जाड झालेली नखं कापायची कशाने: नेलकटर, निपर की फाइल?

पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. उतारवयात ही वाढ आणखी मंदावते, नख जाड होत जातं आणि त्यात बुरशी शिरली की पिवळं, भुसभुशीतही होतं. मग हत्याराचा शोध सुरू होतो. पण त्याआधी दोन गोष्टी ठरवा: कापणार कोण, आणि पायाला स्पर्श नीट कळतो का?

मधुमेहाने पाय बधिर झाले असतील किंवा पायाला रक्तपुरवठा कमी असेल, तर तिन्हीपैकी काहीच घरी हाती घेऊ नका. अशा पायाला काप लागला तरी कळत नाही. मोज्यावर डाग दिसतो तेव्हा कळतं. हे काम पायांच्या तज्ज्ञाचंच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धारेचं हत्यार टाळून फाइलवर, म्हणजे नख घासायच्या खरखरीत पट्टीवर भागवावं.

नेहमीचा नेलकटर हाताच्या नखांसाठी असतो. त्याची धार गोलाकार, त्यामुळे कोपरे गोल कापले जातात आणि तोच कोपरा वाढताना मांसात रुततो. शिवाय जाड नख त्याच्या फटीत मावत नाही. जबरदस्तीने कोंबलं तर ते कापलं न जाता उभं चिरतं, आणि चीर मुळाच्या दिशेने पळते. नख अजून पातळ असेल तर सरळ धारेचा मोठा नेलकटर पुरेसा आहे. निपरच्या वाटेला जायची गरजच नाही.

निपर म्हणजे लांब दांड्यांची, मध्ये स्प्रिंग असलेली छोटी पकड. जोर कमी लागतो, जाड नखही सहज कापलं जातं. धोका आहे तो टोकाचा. जाड नखाखाली कातडी पुढे सरकलेली असते आणि तिथला घट्ट मळ नखासारखाच दिसतो. आंघोळीनंतर नख मऊ असताना बोथट लाकडी काडी नखाखालून हलकेच फिरवा. जिथे दुखलं तिथे कातडी सुरू झाली. मग एका कोपऱ्यापासून दोन-तीन मिलिमीटरचे लहान तुकडे सरळ रेषेत काढत जा आणि टोकाची एक-दोन मिलिमीटर कड राहू द्या. सगळं नख एका दमात कापण्याच्या मोहातूनच बहुतेक जखमा होतात. आणि निपर दुसऱ्याच्या हातात हवा. वाकून, श्वास कोंडून, चष्मा घसरत असताना स्वतःच्या पायावर तो चालवू नये.

फाइल संथ, कंटाळवाणी, पण चूक सर्वांत जास्त माफ करणारी. ती कोरड्या नखावर चालवा, ओल्या नखाचे पापुद्रे सुटतात. मुळाकडून टोकाकडे, एकाच दिशेने, वरच्या पृष्ठभागावर दहा-बारा फेरे. नख गरम वाटलं की थांबा. आठवड्यातून पाच मिनिटं दिली तर जाडी काही महिन्यांत लक्षात येण्याइतकी उतरते. फारच कडक नखावर रात्री युरियाचं क्रीम (२० ते ४० टक्के) लावलं तर काम हलकं होतं. मात्र आजूबाजूच्या कातडीला ते झोंबतं, म्हणून फक्त नखावरच. बुरशी असेल तर कागदी फाइल वापरून फेकून द्या आणि भुकटी उडते म्हणून मास्क लावा. विजेवरची फाइल वेळ वाचवते, पण एका जागी टेकवून ठेवली की चटका देते.

स्वतःचं स्वतः करणाऱ्याला लांब दांड्याची फाइल, घरात मदतीचा हात असेल तर सहा-आठ आठवड्यांनी निपर आणि मधल्या काळात फाइल, ही जोडी आम्हाला सर्वांत व्यवहार्य वाटते. प्रत्येकाची हत्यारं वेगळी ठेवा, वापरानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

काप लागलाच तर स्वच्छ गॉजने सलग दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून पाहू नका. दुसऱ्या दिवशी बोट लाल, गरम किंवा ठणकतं वाटलं, पू दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.