जुनी वायराउख ३५: घेताना, उघडताना आणि वापरताना

जोरदार बंदूक हवी असेल तर वायराउख एचडब्ल्यू ३५ घेऊ नका. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, म्हणजे ज्याला वेगाच्या आकड्यांची हौस आहे त्याचा वेळ वाचेल. वायराउख या जर्मन कंपनीची ही एअर रायफल १९५१ पासून बनते आहे. ताणलेली स्प्रिंग सुटली की सिलिंडरमधला पिस्टन पुढे ढकलला जातो आणि त्याने दाबलेली हवा छर्रा सोडते. पिस्टनचा व्यास ३० मिमी, म्हणजे चांगला रुंद, पण त्याचा फेरा, म्हणजे सरकण्याचं अंतर, आखूड आहे. त्यामुळे वजन साडेतीन किलोच्या पुढे आणि त्या मानाने जोर बेताचा. १९८०च्या दशकात त्याच कंपनीची एचडब्ल्यू ८० आली आणि जोर हवा असणारे सगळे तिकडे वळले. मला मात्र कागदावर नेम धरायचा होता, आणि त्यासाठी जुनी, जड, सावकाश चालणारी ३५ जास्त योग्य वाटली. कित्येक महिने वापरून, एकदा पूर्ण उघडून आणि आतले काही भाग बदलून झाल्यावरही मत तेच आहे.

वापरलेली स्प्रिंगवाली बंदूक बघताना बहुतेक लोक चुकीच्या गोष्टी बघतात. कुंद्यावरचे चरे, उडालेला काळा रंग, ढिली स्प्रिंग. यातलं काहीही मला अडवत नाही. स्प्रिंग, पिस्टनचं सील, नळीच्या बुडाचं सील हे झिजणारेच भाग आहेत आणि ते नवे मिळतात. बघायचे ते तीन भाग, जे बदलणं म्हणजे दुसरी बंदूक घेण्यासारखं आहे: नळी, सिलिंडर आणि चापाची पेटी.

नळीत उजेड धरून आतून बघायचं. गंजाचे खड्डे असतील तर विषय संपला. नळीचं तोंडही नखाने चाचपायचं, तिथे ठोकर लागलेली असेल तर छर्रा बाहेर पडता पडता वाकडा होतो. मग नळी बाजूने, दूरवरून, सरळ रेषेत बघायची. नळी खाली मोडून स्प्रिंग ताणायच्या बंदुकीत एक खास दुखणं असतं. ताणलेल्या अवस्थेत, नळी उघडी असताना कुणी चाप ओढला तर नळी जोरात वर येऊन आदळते आणि बुडापाशी वाकते. असं घडलेल्या बंदुकीची साइट पार तळाला नेऊनही छर्रे वरच लागतात. विकणारा हे सांगत नाही, कित्येकदा त्यालाही माहीत नसतं. (आणि हाच प्रकार छर्रा भरताना झाला तर बोटं जातात. म्हणून ताणल्यावर छर्रा बसवून नळी बंद होईपर्यंत एक हात नळीवर घट्ट ठेवायचा. सेफ्टी आहे की नाही, याच्याशी याचा संबंध नाही.)

मग नळीच्या खिळीचा, म्हणजे नळी जिच्यावर मोडते त्या बिजागरीचा, ढिलेपणा. नळी बंद करून आडवी हलवून बघा. कटकट जाणवली तर आधी खिळीचा बोल्ट आवळून बघायचा. बंदूक ताणल्यावर नळी जिथे सोडाल तिथेच थांबली पाहिजे, स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये. ३५ला नळी बंद राहावी म्हणून बाजूला वेगळी कळ आहे, बहुतेक मोडत्या नळीच्या बंदुकांत ती नसते. ही कळ नीट बसते का ते पाहा. मला तरी ही बंदूक आवडण्याचं निम्मं कारण ती कळ आहे. नळी दर वेळी त्याच जागी येऊन बसते, शंका राहत नाही.

जर्मनीत विकल्या गेलेल्या बंदुकांवर पंचकोनात 'एफ' असा शिक्का असतो. म्हणजे तिची ऊर्जा ७.५ जूलच्या आत ठेवलेली आहे. ब्रिटनमधली रायफलची मर्यादा १२ फूट-पाउंड, साधारण १६.३ जूल. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांत स्प्रिंग वेगळी असू शकते, आणि 'ही मेली आहे' असं वाटणारी बंदूक मुळातच तशी बनवलेली असते. आपण जिथे राहतो तिथली मर्यादा काय, परवाना लागतो का, हे हात लावण्याआधी बघायचं. माझ्या कामात जोर वाढवणं हा हेतू नव्हताच.

माझ्याकडे आली तेव्हा बंदूक चालत होती, पण झाडल्यावर आतून सतार छेडल्यासारखा आवाज यायचा आणि गालाला झिणझिण्या. ८.४४ ग्रेनच्या, म्हणजे ०.५४७ ग्रॅमच्या छऱ्याचा वेग कधी सेकंदाला २०३ मीटर, कधी २२०. पहिल्या काही बारांना धूर आणि जळक्या तेलाचा वास. आधीच्या मालकाने आत यंत्राचं तेल सोडलं होतं, हे त्या वासावरूनच कळलं. पिस्टन हवा इतक्या झपाट्याने दाबतो की ती क्षणभर प्रचंड तापते. त्या तापात खनिज तेल पेटतं. वेग वाढल्यासारखा दिसतो, लोक खूश होतात, आणि सील व स्प्रिंग दोन्ही मार खातात. मोजणीत एखादा आकडा अचानक उंच आला तर आनंद मानू नका.

उघडायला ३५ सोपी आहे, कारण मागचं टोक आट्यांवर फिरवून काढता येतं. कुंदा सुटा करायचा, चापाची पेटी दोन पिनांवर बसलेली असते ती काढायची, मग मागचं टोक उलटं फिरवायचं. पण सोपी म्हणजे निर्धोक नव्हे. स्प्रिंग न ताणतासुद्धा आत दाबलेलीच असते आणि शेवटचा आटा सुटला की ते टोक गोळीसारखं मागे येऊ शकतं. लांब क्लॅम्प लावूनच शेवटचे आटे सोडायचे, तोंड रेषेच्या बाहेर ठेवायचं. ज्या बंदुकांत मागचं टोक आट्यांऐवजी पिनांनी धरलेलं असतं, त्यांना तर स्प्रिंग दाबायची चौकट नसेल तर हातच लावू नये.

आत काय निघालं? स्प्रिंग काचेवर लोळवली तर मधोमध उसळत होती, म्हणजे वाकलेली. स्प्रिंगच्या पोटातला गाइड, म्हणजे तिला सरळ धरणारा दांडा, इतका सैल की हलवला तर खुळखुळ वाजत होता. सतारीचा आवाज तिथून येत होता. पिस्टन पुढे जाऊन थांबतो, पण स्प्रिंगची वेटोळी थरथरत राहतात आणि सैल गाइडवर आपटत राहतात. जुन्या ३५मध्ये पिस्टनला चामड्याचा वॉशर असतो. माझ्या बंदुकीत नंतर कुणीतरी कृत्रिम सील बसवलं होतं आणि त्याची एक कड कापलेली होती. का कापली, तेही दिसत होतं: सिलिंडरला खाली जी लांब खाच असते, जिच्यातून ताणायचा दांडा फिरतो, तिच्या कडा पात्यासारख्या धारदार होत्या. सील आत सरकवताना त्याच कडांवरून जातं. कारखान्यातून आलेल्या बंदुकांतही या कडा अनेकदा तशाच सोडलेल्या असतात. बारीक कानस आणि पॉलिश पेपर घेऊन त्या बोथट केल्या. कंटाळवाणं काम, पण हे न करता नवं सील घालणं म्हणजे पैसे फुकट घालवणं.

गाइड लेथवर डेलरिन या टणक, गुळगुळीत प्लास्टिकचा करून घेतला. खरी सुधारणा ही, बाकी सगळं तिच्या मागे. माप असं की मोकळी स्प्रिंग गाइडवर हाताने ढकलून, किंचित जोर लावूनच बसली पाहिजे. इतका घट्ट गाइड ताणताना अडकणार नाही का, हा प्रश्न येतो. नाही अडकत, कारण स्प्रिंग दाबली की तिचा व्यास जरासा वाढतो आणि ती गाइडवर आपोआप मोकळी होते. बार झाल्यावर लांब झाली की पुन्हा पकड बसते, म्हणजे थरथर थांबवायची तेव्हाच. पिस्टनच्या बाजूला तशीच एक टोपी बसवली आणि तिच्या मागे गुळगुळीत वॉशर, कारण दाबताना स्प्रिंग थोडी फिरतेही. नवी स्प्रिंग मूळ ताकदीचीच घेतली. जास्त ताकदीच्या स्प्रिंगा मिळतात, पण या बंदुकीत त्यांनी वेग थोडासा वाढतो आणि धक्का भरपूर.

नवं सील घालताना स्प्रिंगशिवाय नुसता पिस्टन सिलिंडरमध्ये सरकवून बघायचा. पुढचं हवेचं भोक अंगठ्याने बंद करून ढकलला तर हवेची गादी लागली पाहिजे आणि सोडल्यावर पिस्टन थोडा मागे आला पाहिजे. भोक उघडं असताना मात्र तो सहज चालला पाहिजे. अडखळत असेल तर सीलची कड अगदी बारीक पेपरने घासायची, आणि थोडं घासून पुन्हा बघायचं.

वंगणाबाबत लोकांचा हात सैल सुटतो. पिस्टनच्या बाजूंना मॉलिब्डेनमच्या ग्रीसचा पुसट थर, स्प्रिंगवर दाट ग्रीस पण पातळ लावलेलं, सीलच्या पुढे काहीही नाही. सिलिकॉनचं तेल सीलला चालतं, स्प्रिंगला नाही, लोखंडावर लोखंड घासतं तिथे ते टिकत नाही.

नळीच्या बुडाचं सील तपासायला साधी युक्ती आहे. जोडावर टिशू पेपरची पट्टी सैल ठेवून बार करायचा. पट्टी उडाली तर हवा तिथून गळते.

चापाला हात लावला नाही. 'रेकॉर्ड' नावाचा वायराउखचा हा चाप जसा आहे तसाच इतका स्वच्छ सुटतो की त्याचा स्क्रू फिरवत बसण्यात अर्थ नाही. फार हलका केला तर धक्क्याने सुटण्याचा धोका मात्र येतो.

आता परिणाम. सुरुवातीला थोडा धूर आला, वेग वरखाली झाला, मग बंदूक बसली. आता वेग २०८ ते २१३च्या दरम्यान राहतो, म्हणजे साधारण १२ जूल. आधीचा उंच आकडा गेला, त्याचं दुःख नाही. आवाज आता 'ठप्' असा एकच. थंडीच्या सकाळी वेग पाचेक मीटरने उतरतो, कारण दाट ग्रीस आणखी दाट होतं. इतक्या वापरानंतरही गाइडची पकड तशीच आहे. कुंद्याचे पुढचे दोन स्क्रू मात्र सारखे ढिले होतात. छर्रे अचानक पसरायला लागले की आधी तेच बघतो.

२५ मीटरवर पाच छर्रे साधारण २० मिमीच्या आत बसतात, पण बंदूक सैल धरली तरच. या बंदुकीचा धक्का दुहेरी असतो: पिस्टन पुढे निघतो तेव्हा बंदूक मागे येते आणि पिस्टन थांबतो तेव्हा पुढे जाते. छर्रा नळी सोडण्याआधीच हे सगळं सुरू झालेलं असतं. घट्ट आवळलं तर दर वेळी वेगळा अडथळा, म्हणून पुढचा हात उघडा ठेवून बंदूक तळव्यावर नुसती टेकवायची आणि तिला हवं तसं हलू द्यायचं. वाळूच्या पिशवीवर थेट ठेवली की छऱ्यांचा पसारा दुप्पट होतो, यात बंदुकीचा दोष नाही.

याच दुहेरी धक्क्याने माझी एक दुर्बीण आतून सुटली. मोठ्या बंदुकीचा धक्का सोसणारी दुर्बीण ही उलटी ओढ सोसेलच असं नाही, एअर रायफलसाठी म्हणून बनवलेलीच घ्यावी लागते. माउंट एकसंध हवा आणि मागे सरकू नये म्हणून अडवणारी पिनही हवी. मी शेवटी दुर्बीण काढूनच टाकली. ३५ची पुढची साइट नळकांड्यात असते आणि तिच्यातले दर्शक बदलता येतात. कागदावरच्या काळ्या वर्तुळासाठी गोल कड्याचा दर्शक लावला की डोळ्याला फार आराम पडतो.

आता छऱ्यांच्या डोक्याची मापं चालू आहेत, ४.५१ आणि ४.५२ मिमी. ४.५२ बुडात जरा दाबून बसतो आणि माझ्या नळीला तोच मानवतो, पण दुसऱ्या डब्यातले छर्रेही तसेच वागतात का हे बघायचं आहे.