प्रबंधाचं पुस्तक: नुसतं छापील, की पीडीएफही मोफत?

ब्रह्मपुरीकडच्या एका तरुण प्राध्यापिकेला दंडारीवरचा, म्हणजे झाडीपट्टीतल्या लोकनाट्यावरचा, प्रबंध पुस्तकरूपात काढायचा आहे. प्रकाशकांचं म्हणणं, पीडीएफ फुकट दिली तर पुस्तक घेणार कोण? मी खेड्यातल्या कॉलेजचं ग्रंथालय सांभाळतो, म्हणून मॅडमनी मला विचारलं.

मॅडम, तुमचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढला असेल तर तो आजही फुकटच आहे. पुस्तकाला किंमत येईल ती संपादनामुळे, फोटोंमुळे, खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्याच्या नीट लावलेल्या संहितांमुळे.

नुसतं छापील काढलं तर हक्क आणि हिशेब सोपा. पण अशी पुस्तकं नागपूरच्या पुढे क्वचितच येतात. माझ्या ओळखीच्या एका लेखकाच्या पलंगाखाली तीन खोके तसेच बांधलेले आहेत. खालच्याला वाळवी लागली. गडचिरोलीतल्या कोरचीच्या विद्यार्थ्याला त्या पुस्तकाचा पत्ताही नाही.

मोफत पीडीएफचं काय? नेदरलँड्समध्ये 50 खुली, म्हणजे नेटवर मोफत असलेली, पुस्तकं आणि तशीच 50 नेहमीची पुस्तकं शेजारी ठेवून पाहिली. 2013च्या अहवालानुसार विक्रीत फरक आढळला नाही, वाचन मात्र वाढलं. अर्थात तिथे निर्मितीचा खर्च अनुदानातून भागला. आपल्याकडे तो बहुधा लेखकाच्याच खिशातून जातो. पण दाखला घरचाही आहे. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड नेटवर मोफत आहेत, तरी दीक्षाभूमीवर ते विकत घ्यायला झुंबड उडते. पीडीएफमध्ये संदर्भ शोधता येतो. घरात ठेवायला पुस्तकच लागतं.

माझं मत दोन्ही करा असंच आहे. फक्त नेट-सेटच्या तयारीचं पुस्तक असतं तर नको म्हटलं असतं. ते एकदा वाचून सोडायचं असतं, त्यामुळे तिथे फुकटची प्रत विक्री खाऊ शकते.

खरी अडचण फाँटची आहे, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. डीटीपीवाले जुन्या, युनिकोड (कुठल्याही संगणकाला कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये मजकूर लावतात. अशा पीडीएफमधून ‘दंडार’ हा शब्द कॉपी करून पाहा, भलतीच अक्षरं उमटतात. मग गुगललाही तो सापडत नाही, आणि मोफत देऊन पुस्तक अंधारातच राहतं. म्हणून करारात तीन गोष्टी लिहून घ्या: मजकूर युनिकोडमध्ये, पीडीएफ छापील प्रतीसोबतच खुली, आणि परवाना अव्यावसायिक, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते छापून विकता येणार नाही. पहिली अट डीटीपी सुरू होण्याआधीच सांगा; नंतर सगळा मजकूर पुन्हा तपासत बसावं लागतं.