ग्रँड कॅन्यनची स्वस्त टूर घेताय? ‘कोणता रिम’ ते आधी लेखी घ्या

भारतातून आई-वडील अमेरिकेत आले की लास वेगासहून निघणारी ग्रँड कॅन्यनची बस टूर अनेक घरांत ठरलेली असते. वयस्कर माणसं सोबत असताना वाळवंटात एवढी लांब गाडी कोण चालवणार, असा साधा हिशोब त्यामागे असतो. याच हिशोबावर काही लोक धंदा करतात. आम्ही त्यात सापडलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही पद्धत एकाच कंपनीची असेल असं मला वाटत नाही.

जाहिरात अशी होती: दोघांचे पैसे भरा, त्याच खोलीत आणखी दोघे फुकट. ग्रँड कॅन्यन, अँटिलोप कॅन्यन, हॉर्सशू बेंड आणि झायन. वर ग्रँड कॅन्यनच्या साऊथ रिमवरच्या, म्हणजे दक्षिण काठावरच्या, माथर पॉइंटचा सुंदर फोटो. आई, बाबा, मावशी आणि मी, चौघांना अगदी सोयीचं. ‘स्थानिक शुल्क वेगळे’ अशी एक ओळ खाली होती. फोनवर विचारलं तेव्हा एजंट म्हणाला, पार्किंग वगैरे, किरकोळ असतं.

बस वेगासबाहेर पडून हूवर धरणाच्या पुढे गेली आणि टूर लीडरने माइक हातात घेतला. प्रत्येकाने ‘सक्तीचं शुल्क’ द्यायचं, ड्रायव्हर आणि गाइडची टिप रोजच्या रोज वेगळी, सगळं रोख. ‘फुकट’ आलेल्या दोघांनीही. एका जोडप्याने पावती मागितली, तर त्यांना सांगितलं की पटत नसेल तर पुढच्या थांब्यावर उतरा. पुढचा थांबा म्हणजे उघड्या माळावरचा पेट्रोल पंप. सामान बसच्या पोटात, हॉटेलं टूर कंपनीच्या नावावर. मागणी करायची वेळ मुद्दाम साधलेली असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चौघांचं मिळून जे द्यावं लागलं, त्यात ‘फुकट’वाल्या दोघांची पूर्ण रक्कम वसूल झाली.

पण खरा घाव पैशाचा नव्हता. साऊथ रिमला जायचं तर हायवे ९३ने किंगमन, तिथून इंटरस्टेट ४०ने विल्यम्स आणि मग उत्तरेला वळायचं. आमची बस किंगमनच्या बरीच अलीकडे डोलन स्प्रिंग्सकडे वळली. दोन्ही बाजूंना जोशुआ ट्री दिसायला लागले आणि माझ्या फोनवरचा नकाशा वेस्ट रिम दाखवू लागला.

वेस्ट रिम ही हुआलापाई जमातीच्या मालकीची जमीन. काचेचा स्कायवॉक तिथलाच, २००७ साली सुरू झालेला. जागा देखणी आहे, तिथल्या माणसांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ती ग्रँड कॅन्यन नॅशनल पार्कात येत नाही. पार्कचा पास तिथे चालत नाही, प्रवेशाचं तिकीट वेगळं असतं. साऊथ रिमपासून ती रस्त्याने सुमारे २४० मैल दूर आहे. वेगासहून मात्र जवळ पडते, म्हणून टूरवाल्याचं डिझेल आणि ड्रायव्हरचे तास वाचतात. आमच्याकडून प्रवेशाचे पैसेही रोख घेतले, खिडकीवरच्या पाटीपेक्षा जास्त. जाब विचारला तर लीडर म्हणाला, हेही ग्रँड कॅन्यनच आहे. शब्दशः खरं. सगळी फसवणूक त्या खरेपणावरच उभी आहे.

माझे बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचे खडक आहेत आणि भूशास्त्रज्ञ त्यांना ‘विष्णू’ हे नाव देतात, हे ते वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले. दरीतल्या उंच सुळक्यांना विष्णू टेंपल, शिवा टेंपल ही नावं क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात दिली. हे सुळके साऊथ रिमवरून दिसतात, वेस्ट रिमवरून नाही. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, “आता परत कधी येणार मी इकडे?” याची भरपाई कुठल्या बँकेकडे मागायची?

अँटिलोप कॅन्यनचंही तेच. पेज गावाजवळच्या त्या घळी नावाहो नेशनच्या, म्हणजे नावाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या, हद्दीत आहेत आणि अधिकृत गाइडशिवाय तिथे कुणालाच जाता येत नाही. ‘तिकिटं संपली’ म्हणत आम्हाला दुसऱ्याच एका घळीत नेलं, पैसे अँटिलोपचे घेऊन. तिथल्या नावाहो गाइडनेच प्रामाणिकपणे सांगितलं की ही अँटिलोप नव्हे.

परत आल्यावर मी जाहिरातीचे स्क्रीनशॉट, नकाशातली नोंद आणि बुकिंगची पावती जोडून क्रेडिट कार्ड कंपनीकडे लेखी तक्रार केली. स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत ती करावी लागते. एफटीसी या केंद्रीय व्यापार आयोगाच्या फसवणूक तक्रार पोर्टलवर आणि नेवाडाच्या ॲटर्नी जनरलकडेही नोंदवली. कार्डावरची काही रक्कम परत आली. बसमध्ये दिलेले रोख पैसे गेले ते गेले, त्यांचा पुरावाच नाही.

१ जानेवारी २०२६पासून आणखी एक गोष्ट बदलली आहे. अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांना ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस यांसारख्या ११ पार्कांत नेहमीच्या प्रवेशशुल्कावर माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात, नाहीतर २५० डॉलरचा वार्षिक पास घ्यावा लागतो. भारतातून आलेल्या आई-वडिलांना हे लागू होतं. त्यामुळे ‘सर्व प्रवेशशुल्कासह’ म्हणून फार स्वस्तात साऊथ रिम दाखवणारी जाहिरात दिसली, तर हे पैसे कोण भरणार, ते आधी विचारा.

गाडी चालवणारं कुणी घरात असेल, तर भाड्याची गाडी चौघांत खरोखरच परवडते. साऊथ रिमचं नेहमीचं शुल्क गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालतं, आणि आतल्या शटल बस फुकट असतात. बसनेच जायचं असेल तर पैसे भरण्याआधी एजंटला ईमेल करा आणि उत्तर लेखीच मागा: साऊथ रिम की वेस्ट रिम? अँटिलोपचं तिकीट कोणत्या नावाहो ऑपरेटरचं, किती वाजताचं? बसमध्ये रोख किती घेणार आणि त्याची पावती देणार का? बसचा यूएसडॉट क्रमांक, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याकडचा नोंदणी क्रमांक, काय? नॅशनल पार्कमध्ये व्यावसायिक टूर नेण्याचा परवाना आहे का? हेच प्रश्न मी नंतर दुसऱ्या एका एजंटला पाठवले, तर त्याने उत्तरादाखल फक्त फोन नंबर दिला. मी फोन केला नाही.