सरासरी खाली आणू, ठेवू की विकू? अडकलेल्या बायोटेक शेअरचे तीन रस्ते

कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या माझ्या काकांकडे एका छोट्या बायोटेक, म्हणजे नवी औषधं शोधत असल्याचं सांगणाऱ्या, कंपनीचे 10,000 शेअर होते. सरासरी खरेदी 12 रुपयांची, म्हणजे 1 लाख 20 हजार गुंतलेले. आजचा भाव 3 रुपयांच्या आसपास. एका रविवारी नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या घरी त्यांनी विचारलं, "सांग बेटा, अजून घेऊन सरासरी खाली आणू, तसेच राहू देऊ, का विकून मोकळा होऊ?" असा माल अडकलेली आणखी चार-पाच माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि प्रत्येकाचा प्रश्न हाच. म्हणून काकांना जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव देत नाही.

तीन रस्त्यांची तुलना करण्याआधी संशय कशावरून घ्यायचा ते ठरवू. कंपनीची विक्री नाही, तोटा आहे, एवढ्यावर तिला खोटी ठरवणं चूक आहे. औषध शोधण्याचा धंदाच तसा आहे. माणसांवरच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात शिरलेल्या दहा औषधांपैकी जेमतेम एक मंजुरीपर्यंत पोहोचतं, आणि त्यालाही बरीच वर्षं लागतात. बायोकॉन ही बायोटेक कंपनी 1978 मध्ये सुरू झाली ती एन्झाइम बनवण्यापासून. शेअर बाजारात आली 2004 मध्ये. मधली 26 वर्षं ती काहीतरी बनवून विकत होती. त्यामुळे तोट्याचा आकडा बाजूला ठेवा. काम होतंय याचा पुरावा कंपनीच्या घोषणेबाहेर कुठे दिसतो का, ते बघा.

तो पुरावा फुकट बघता येतो. भारतात माणसांवर औषधाची चाचणी करायची तर पहिला रुग्ण घेण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये नोंद करावी लागते. ही नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली आणि जून 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे. चाचणीचा खर्च कोण करतंय, कोणतं रुग्णालय, कोणती नैतिकता समिती, किती रुग्ण, कितवा टप्पा, सगळं तिथे लिहिलेलं असतं. 2020 मध्ये कोव्हॅक्सिनच्या चाचण्यांत नागपूरचंही एक खासगी रुग्णालय होतं आणि ती नोंद घरबसल्या वाचता येत होती. काकांच्या कंपनीने दोनदा शेअर बाजाराला कळवलं होतं की "दुसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली आहे." आम्ही कंपनीच्या नावाने शोधलं, औषधाच्या नावाने शोधलं, प्रमोटरच्या (कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्याच्या) दुसऱ्या कंपनीच्या नावानेही शोधलं. एकही नोंद सापडली नाही. काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

पेटंटचंही तसंच. "पेटंटसाठी अर्ज केला" आणि "पेटंट मिळालं" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अर्ज कोणीही करू शकतो, आणि साधारण 18 महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतो. घोषणा तीन वर्षांपूर्वीची आणि अर्ज अजून दिसत नसेल, तर घोषणेला काय किंमत द्यायची ते ठरवा. परदेशी कंपनीशी झालेल्या "सामंजस्य करारा"ला तर मी शून्य गुण देते. तो बहुधा कोणालाच बांधून ठेवत नाही.

मग वार्षिक अहवाल. त्यातला अध्यक्षांचा संदेश सोडून द्या आणि तीन जागा वाचा. पगारावरचा खर्च: प्रयोगशाळा चालवणाऱ्या कंपनीचा वर्षाचा पगारखर्च एखाद्या किराणा दुकानाएवढा असेल, तर संशोधन कोण करतंय? ताळेबंदातली "विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता": खर्च तोट्यात न दाखवता इथे साठवत नेला की ताळेबंद फुगत जातो. आणि लेखापरीक्षकाचा अहवाल: त्यात हिशेबाबद्दल काही आक्षेप नोंदवून मत राखून ठेवलंय का, कंपनी चालू राहील की नाही याबद्दल शंका लिहिलीय का, आणि मधल्या काळात लेखापरीक्षक मुदतीआधी राजीनामा देऊन गेलाय का. माझ्या लेखी हा शेवटचा प्रश्न सगळ्यात वजनदार आहे.

माझ्या मते सगळ्यात बोलका कागद म्हणजे दर तिमाहीचा भागधारणेचा तक्ता. तिमाही संपल्यापासून 21 दिवसांत तो शेअर बाजाराकडे द्यावाच लागतो. त्यात प्रमोटरचा वाटा आणि 2 लाखांपर्यंतचं भांडवल धरणाऱ्या लहान भागधारकांचा वाटा वेगवेगळ्या ओळींत असतो. मागच्या आठ तिमाहींचे तक्ते शेजारी ठेवा. काकांच्या कंपनीत पहिली ओळ प्रत्येक वेळी घटली होती, दुसरी वाढत होती. त्याच काळात घोषणा सगळ्यात जोरात होत्या. म्हणजे चांगली बातमी ऐकून काका घेत होते, तेव्हा विकणारा माणूस ती बातमी देणाऱ्यांपैकीच होता.

आता रस्ते.

अजून घेऊन सरासरी खाली आणणं. हिशेब मांडू. आणखी 10,000 शेअर 3 रुपयांनी घेतले तर 30 हजार जातील आणि सरासरी 7.50 होईल. ऐकायला बरं वाटतं. पण मुद्दल परत मिळायला भाव 3 वरून 7.50 वर, म्हणजे अडीचपट व्हावा लागेल, आणि कंपनी बुडाली तर 1 लाख 20 हजारांऐवजी दीड लाख बुडतील. चांगल्या कंपनीचा शेअर बाजारासोबत पडला असेल तर सरासरी करण्यात अर्थ आहे. ज्या कंपनीची चाचणी नोंदवहीत सापडत नाही, तिच्यात एक रुपयाही घालू नये. याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही.

तसेच राहू देणं. बहुतेक लोक हाच रस्ता धरतात, कारण त्यात काही करावं लागत नाही. पण ठेवण्याचीही किंमत असते. कंपनीला पैसा लागला की ती निवडक लोकांना नवे शेअर किंवा वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) देते. वॉरंट घेणाऱ्याला सुरुवातीला फक्त 25 टक्के रक्कम भरावी लागते, उरलेली 18 महिन्यांत. दरम्यान तुमचा वाटा पातळ होत जातो. दुसरं, शेअर बाजाराच्या देखरेखीच्या यादीत गेला की अडचणी वाढत जातात: आधी फक्त डिलिव्हरीचे सौदे (त्याच दिवशी घेऊन विकणं बंद), मग भाव दिवसात किती हलू शकतो ती मर्यादा आवळली जाते, वरच्या पायऱ्यांवर तर सौदे आठवड्यातून एकदाच. लोअर सर्किटला, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकला की, घेणारा नसतो, हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको.

"सेबी (शेअर बाजाराची नियामक संस्था) कारवाई करेल, पैसे परत मिळतील" म्हणून ठेवणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचंय. कारवाई होते. मार्च 2023 मध्ये यूट्यूबवरच्या व्हिडिओंनी साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरचा भाव फुगवल्याच्या प्रकरणात सेबीने अंतरिम आदेश काढला होता. पण आदेश निघाला म्हणून चढ्या भावात शेअर घेतलेल्या माणसाचं मुद्दल घरी येत नाही. नागपूरकरांना 2002 आठवत असेल. जिल्हा मध्यवर्ती बँकेने सरकारी रोख्यांसाठी खासगी दलाल कंपन्यांना पैसे दिले, रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत, शेतकऱ्यांच्या ठेवी अडकल्या. इथल्या न्यायालयाने त्यात शिक्षा सुनावली ती डिसेंबर 2023 मध्ये. तक्रार जरूर करा. सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार व्यवस्थेवर केली की कंपनीला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण त्या भरवशावर शेअर ठेवू नका.

ठेवावं असं एकच कारण मला पटतं: नोंदवहीत चाचणी सापडली, लेखापरीक्षक टिकून आहे, आणि प्रमोटर स्वतःचा वाटा विकत नाहीये. तिन्ही असतील तर तोट्यातला शेअरही धीराने ठेवता येतो. मग वार्षिक सभेला वक्ता म्हणून नाव नोंदवा आणि प्रश्न विचारा. मी काकांच्या नावाने नोंदवलं होतं. चाचणीचा नोंदणी क्रमांक काय, एवढाच प्रश्न होता. "कंपनी सचिव ईमेलने कळवतील," असं उत्तर मिळालं. ईमेल अजून आलेला नाही.

विकणं. इथे 90 हजारांचा तोटा डोळ्यांसमोर पक्का होतो, म्हणून हात थरथरतो. पण तो तोटा कामाचा आहे. शेअर 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवले असतील तर हा दीर्घकालीन भांडवली तोटा दुसऱ्या दीर्घकालीन नफ्यातून वजा करता येतो. त्याआधी विकले तर अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून. विवरणपत्र मुदतीत भरलं तर तो पुढची आठ वर्षं ओढता येतो. कंपनीचे सौदेच स्थगित झाले तर बाजारात विकणं थांबतं आणि हा फायदाही अडकून पडतो. काकांनी याच आर्थिक वर्षात एका म्युच्युअल फंडातून काढलेल्या रकमेवर करपात्र नफा होता, त्यामुळे त्यांच्यासाठी हे कागदी समाधान नव्हतं. औषध क्षेत्रावर विश्वास असेलच तर सुटलेले 30 हजार निफ्टी फार्माच्या इंडेक्स फंडात (औषध कंपन्यांच्या निर्देशांकाप्रमाणे शेअर घेणाऱ्या फंडात) जाऊ शकतात, तिथे 20 कंपन्या आहेत. काकांच्या वयाला मी मुदत ठेवच सुचवली.

विकायचं ठरलं तर सगळे एकदम बाजारभावाने टाकू नका. इतके कमी सौदे होणाऱ्या शेअरमध्ये स्वतःच्याच विक्रीने भाव पडतो. मर्यादा भाव (याखाली विकायचं नाही असा भाव) लावून थोडे थोडे काढा, आणि एखाद्या घोषणेने अप्पर सर्किट लागलं, म्हणजे भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला पोहोचला, तर तोच दिवस वापरा. त्या दिवशी घेणारे रांगेत असतात.

काकांनी दुसऱ्या मंगळवारी सुरुवात केली. आतापर्यंत 6,500 शेअर 2.80 ते 3.10 च्या दरम्यान गेले. उरलेल्या 3,500 ची ऑर्डर ते रोज सकाळी सव्वानऊला लावतात.