सात महिन्यांचा अनुभव: १४३ दिवसांची स्ट्रीक आणि सकाळचा चहा

गुडघ्यांच्या व्यायामात खंड पडू नये म्हणून वर्षाचे ७९९ रुपये भरून घेतलेले हे सवय लावणारे ॲप मी सात महिने वापरत आहे. गेल्या आठवड्यात फोनच्या बॅटरी-बचतीमुळे ते मागच्या मागे बंद पडले, आठवण आली नाही आणि व्यायाम करूनही नोंद करायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी १४३ दिवसांची स्ट्रीक, म्हणजे खंड न पडलेल्या सलग दिवसांची मोजणी, शून्यावर आली होती, आणि ती परत हवी असेल तर ४९ रुपये भरा, अशी सूचना झळकत होती. मी ते भरले नाहीत.

खरी चूक पहिल्याच दिवशी होते. अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला नोटिफिकेशनची परवानगी स्वतंत्रपणे मागावी लागते. हे ॲप ती काहीही न समजावता उघडताक्षणी मागते. मी नकार दिला आणि तीन आठवडे एकही आठवण आली नाही. परवानगी दिल्यावर ते विचारते, ‘किती वाजता आठवण करू?’ मी सहा लिहिले. संध्याकाळी सहाला माझे हात कणकेत असतात, त्यामुळे आठवण यायची आणि तशीच जायची.

तिसऱ्या महिन्यात सेटिंगमध्ये दडलेला ‘कशानंतर?’ हा पर्याय सापडला आणि माझे मत बदलले. ‘सकाळचा चहा झाल्यावर’ असे मी लिहिले. चहा कधी संपला हे ॲपला कळत नाही, ते फक्त माझेच वाक्य सकाळी मला दाखवते. पण आता कप विसळून पालथा घातला की टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली जाते आणि पाच आकडे मोजत मी ती दाबून धरते. बहुतेक दिवशी आठवण येण्याआधीच व्यायाम सुरू झालेला असतो. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता, तर माझे दोन महिने वाचले असते.

ॲप ‘२१ दिवसांत सवय’ असे सांगते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात मात्र हा काळ १८ ते २५४ दिवस असा दिसला, आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. मग एका दिवसासाठी सगळे शून्यावर का आणायचे?

दोन तारे द्यायचे ठरवले होते. चहामुळे तीन देत आहे. ऑटोपे बंद केला आहे. चुकलेला दिवस तेवढाच रिकामा दाखवून पुढची मोजणी चालू ठेवणारी आवृत्ती आली, तर वर्गणी पुन्हा भरीन.