कुंडी की वाफा? उष्ण हवेत भाजी लावण्याआधी

उष्ण हवेत घरची भाजी लावायची म्हटलं की विचार बियाण्यापासून सुरू होतो. माझ्या मते आधी मुळांची जागा ठरवावी. पानांवर पडणारं ऊन दिसतं, मुळांना लागणारी धग दिसत नाही, आणि कुंडी व वाफा यांत सगळ्यात मोठा फरक त्या धगीचाच आहे.

भर दुपारी मातीचा वरचा थर हाताला चटका देतो, पण वीतभर खाली तीच माती बरीच गार असते. वाफ्यातल्या वांग्याची किंवा भेंडीची मुळं त्या गारव्यात उतरतात. कुंडीत मात्र ती कडेकडेने फिरतात आणि ऊन नेमकं त्याच कडेवर पडतं. काळ्या प्लास्टिकची कुंडी थेट उन्हात असेल, तर कडेच्या मातीचं तापमान ४५ अंशांच्या वर जाऊ शकतं. त्याच्या कितीतरी आधी, ३५ अंशांच्या आसपासच, बहुतेक भाज्यांची मुळं मंदावतात. मग माती ओली असूनही झाड माना टाकतं. आपण घाबरून आणखी पाणी घालतो आणि मुळं कुजतात.

म्हणून झाड सुकलेलं दिसलं की आधी मातीत बोट घाला. माती ओली आहे आणि ऊन उतरल्यावर झाड आपोआप उभं राहतं, तर तो उन्हाचा ताण आहे. सावली द्या, पाणी नको. भल्या पहाटेही झाड मलूल असेल, तर एकतर माती खोलवर कोरडी आहे किंवा मुळांना रोग आहे. कुंडीच ठेवायची असेल तर रंग फिकट घ्या, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, आणि पश्चिमेचं ऊन कुंडीच्या अंगावर येणार नाही एवढं बघा. पानांना ऊन मिळालं तरी चालेल, कुंडीला नको. कापडी ग्रो बॅग हवा खेळती ठेवते आणि थोडी गार राहते, पण वाळतेही लवकर.

पाण्याच्या बाबतीत वाफा सरळ सरळ पुढे आहे. ५ ते ७ सेंटीमीटर जाड पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, की दोन-तीन दिवसांनी एकदा खोलवर दिलेलं पाणी बहुतेक वेळा पुरतं आणि वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी ओल, टिकतो. कुंडीला कडक उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, लहान कुंडीला दोनदा. हा प्रश्न फक्त कष्टाचा नाही. टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो पुष्कळदा कुंडीतल्या या ओल्या-कोरड्या हेलकाव्यांमुळे. मातीत कॅल्शियम असतं, पण ते पाण्याबरोबरच वर चढतं. पाणी खंडित झालं की फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी चुन्याची पूड टाकण्याआधी पाण्याची वेळ नियमित करून पाहा. कुंडीतल्या पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर पांढरी पुटं धरली, तर खतांचे क्षार साठले आहेत. तळातून पाणी वाहून जाईपर्यंत साधं पाणी एक-दोनदा भरपूर द्या.

इथवर वाचून वाफाच बरा असं वाटेल. पण वाफ्याची दुखणी जमिनीत घर करून राहतात. झाड खुरटलं, खत घालूनही पिवळंच राहिलं, तर एखादं रोप उपटून मुळं धुवा. मुळांवर गाठीच गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अगदी बारीक कृमी, आहेत. (घेवड्याच्या मुळांवरच्या सहज निखळणाऱ्या गाठी उपयोगी जिवाणूंच्या असतात, त्यांना घाबरू नका. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं.) हिरवंगार झाड दोन-चार दिवसांत मान टाकून मेलं, तर बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगून धरा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरले तर जिवाणूंमुळे होणारा मर रोग आहे. त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची पुढची काही वर्षं लावू नका. सूत्रकृमींसाठी ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरून ऐन उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे तापवण्याचा उपाय चांगला आहे, पण तो वरच्या थरापुरताच. अशा जमिनीवर मी बिनदिक्कत कुंडीच सुचवेन, कारण तिथली माती बदलता येते. नुसतं पाणी साचण्याची तक्रार असेल तर कुंडीपर्यंत जायला नको. २० ते ३० सेंटीमीटर उंच गादीवाफा पुरतो.

टोमॅटोची फुलगळ मात्र दोन्हीकडे होते. दिवसा ३५ अंशांच्या पुढे आणि रात्री २४ च्या वर पारा राहिला की परागकण निकामी होतात, मग झाड कितीही तजेलदार असो. खत वाढवून फळ धरत नाही, उलट पानंच माजतात. दुपारी शेडनेट लावा, किंवा लागवडीची वेळ अशी धरा की फुलं थंड रात्रींमध्ये येतील. इथे कुंडीला एक फायदा आहे: ती उचलून दुपारच्या सावलीत नेता येते.

पिकांची वाटणी मी अशी करेन. भेंडी वाफ्यातच, आणि बी थेट पेरून. तिचं सोटमूळ हलवलेलं तिला सोसत नाही. दुधी, दोडका, काकडी हेही वाफ्यात, कारण मोठ्या पानांतून उडणारं पाणी कुंडीला भागवता येत नाही. पालक, मेथी, कोथिंबीर १५ ते २० सेंटीमीटर खोल पसरट कुंडीत, अर्ध्या सावलीत. तिथे ती उशिरा फुलावर येते. मिरची कुंडीत मजेत वाढते. टोमॅटोला कुंडी द्यायची तर निदान २० लिटरची, आणि जात लहान फळांची घ्या. ती उष्म्यातही त्यातल्या त्यात फळ धरते.

रोज पाणी घालणं जमणार नसेल, तर आधी वाफ्याचा विचार करा. जागा गच्चीवरच असेल, तर दहा लहान कुंड्यांपेक्षा तीन-चार मोठी पिंपं घ्या, कारण जास्त माती हळू तापते आणि हळू वाळते. हंगाम संपला की झाडं उपटताना मुळं नक्की पाहा. कुंडीत ती गोल गोल गुंडाळलेली असतील, तर पुढच्या वेळी कुंडी मोठी हवी. वाफ्यात गाठी दिसल्या, तर ती मुळं कंपोस्टमध्ये न टाकता बागेबाहेर काढा आणि पुढचा टोमॅटो कुंडीत लावा.