३२ ची फोर्ड रोडस्टर आणि फ्लॅटहेड व्ही-एट: आठ महिने चालवल्यावर

ही उघडी दोन सीटची जुनी फोर्ड मागच्या ऑक्टोबरमध्ये घेतली, आता जून आलाय, ३१०० मैल झालेत, म्हणजे आता बोलायला हरकत नाही. आम्ही राहतो रिव्हरसाइडला, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, म्हणजे हॉट रॉडचं (जुनी गाडी हलकी आणि वेगवान करून बांधलेली) माहेरच म्हणा ना. दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेली पोरं इथे जुन्या स्वस्त फोर्ड घ्यायची, मडगार्ड-बॉनेट काढून फेकायची आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर सुसाट पळवायची. माझी गाडी त्याच थाटात बांधलेली. चॅसी १९३२ ची, बॉडी मात्र नवीन स्टीलची आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी विचारणारच.

दिसायला काय बोलू. समोरची ती उभी जाळी, खाली उतरवलेला पुढचा अ‍ॅक्सल, आणि बॉनेटच नसल्यामुळे इंजिन उघड्यावर. पेट्रोल पंपावर पाच मिनिटांचं काम अर्धा तास चालतं, प्रत्येक आजोबांकडे अशी एक गाडी होती आणि प्रत्येकाने ती विकली.

इंजिन मूळचं नाही. ३२ साली फोर्डने जो व्ही-एट (व्ही आकारात आठ सिलिंडर) काढला तो २२१ क्यूबिक इंचाचा, ६५ हॉर्सपॉवरचा, आणि तो स्वस्त गाडीत मिळाला म्हणून तर एवढं सगळं घडलं. माझ्यात नंतरच्या मर्क्युरी गाडीचं (तीही फोर्ड कंपनीचीच) २५५ आहे, वर दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर (९७ म्हणजे आतला गळा ०.९७ इंचाचा, मला हे सहा महिन्यांनी कळलं). व्हॉल्व्ह सगळे ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी, त्यामुळे हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण, म्हणूनच नाव फ्लॅटहेड. बघायला इतकं नीटनेटकं इंजिन मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण हीच त्याची खोडही आहे. व्हॉल्व्ह आतल्या बाजूला आणि सायलेन्सरचे पाइप बाहेरच्या, मग गरम धूर जाणार कुठून, तर ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या वाटांना घासून. वर प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरच्या धुराला बाहेर पडायला भोकं तीनच, मधल्या दोघांची एकच. म्हणून तापतं. दोन वॉटर पंप आहेत तरी तापतं. मे महिन्यात कॅहोन पास चढताना काटा वर गेला, बाजूला थांबलो, थोड्या वेळाने निघावं म्हटलं तर इंधनाच्या पंपातच पेट्रोलची वाफ झालेली, स्टार्टच होईना. ओला फडका गुंडाळून वीस मिनिटं बसलो. आता मोठा रेडिएटर टाकलाय आणि दुपारी बारानंतर बाहेर काढतच नाही, तेव्हापासून तक्रार नाही.

गिअरबॉक्स ३९ सालचा, तीन गिअर, पहिल्याला सिंक्रो (गिअर अलगद पडावा म्हणून वेग जुळवणारी सोय) नाही. चालत्या गाडीत पहिला टाकला की असा खर्रर्र आवाज यायचा की बायको डोळे मिटायची. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, त्यांना व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवला तर म्हणाले, "अरे डबल क्लच मार की, त्यात काय एवढं." म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबायचा. त्यांनी हाताने हवेत करून दाखवलं, मी इथे पायाने केलं, चौथ्या दिवशी जमलं. आता सिग्नलला हळू होताना गिअर लोण्यासारखा पडतो आणि मीच खूश.

ब्रेक हायड्रॉलिक बसवलेले आहेत, तेही ३९ नंतरच्या फोर्डचे (३२ ला मूळचे रॉडवाले होते). चांगले आहेत, पण पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचंच. मायलेज लिटरला सहा किलोमीटरच्या आसपास. पावसात काढू नका, पुढच्या चाकांचं पाणी थेट तोंडावर. आणि गॅरेजमध्ये खाली ट्रे ठेवा, तेल गळतं, कुठून ते मी शोधणं सोडलंय.

आवाजाबद्दल मात्र पैसे वसूल. थंड सकाळी चोक ओढून सुरू केलं की आधी जरा खोकतं आणि मग हळूहळू लयीत येतं, जाड, मऊ, नव्या व्ही-एटसारखं अंगावर येणारं नाही. मी चहा घेऊन शेजारी उभा राहतो, कुठे जायचं नसलं तरी.

बाबा ऑगस्टमध्ये येतायत. चालवणार म्हणतात. स्टिअरिंग पोटाला टेकतं आणि सीट मागे सरकत नाही, हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.